तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध

लिफ्ट कशी थांबवायची हे मिस्त्रीला कुणी शिकवायची गरज नव्हती. चौतीस वर्षं त्यानं या शहरातल्या बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या होत्या. ज्याला चालू करता येते त्याला बंद करायला कितीसा वेळ लागतो? दोन दारांच्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालायचा, बोटभर फट पाडायची, की केबिन जागच्या जागी उभी. स्क्रू ड्रायव्हर काढला की दार मिटतं आणि लिफ्ट निमूट चालायला लागते.

"पाच मिनिटांचं काम," मिस्त्री दाढी करता करता आरशातल्या स्वतःला म्हणाला. "कुणाला कळायचंसुद्धा नाही."

आता तुम्ही म्हणाल, अडुसष्ट वर्षांच्या शहाण्या माणसाला चालती लिफ्ट बंद पाडायची अवदसा का आठवावी? तर त्याला कारण होता त्याचा मुलगा.

झालं होतं असं, की तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्री बाथरूममध्ये घसरून पडला. कंबर अशी धरली की उठता येईना. सकाळी नऊला पडला तो दुपारी एकपर्यंत तिथंच, ओल्या फरशीवर, उताणा. हाताशी एक लोखंडी नळ होता आणि एक मग. हा नळ बाराव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत सरळ जातो हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं मगानं नळ बडवायला सुरुवात केली. ठण ठण ठण. पन्नास घरांत आवाज गेला असणार. पन्नास घरांना वाटलं, कुणाकडं तरी प्लंबर आलाय. एकदा मात्र वरून कुणीतरी उलट ठोकलं. मिस्त्रीला इतका आनंद झाला म्हणता! मग त्याच्या लक्षात आलं की वरचा माणूस गप्प बस म्हणून ठोकतोय.

शेवटी तो सरपटत बाहेर आला आणि मुलाला फोन लावला. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन तासांवर राहायचा. आला, डॉक्टरकडं नेलं, पट्टा बांधून आणला आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"बाबा, सामान आवरा. माझ्याकडं चला."

"मला इथं बरं आहे."

"बरं? चार तास फरशीवर पडून होतात."

"फरशी गार होती. उकाड्यात बरंच वाटलं."

"विनोद नको. एकोणीस वर्षं राहताय इथं. या बिल्डिंगमधल्या एका माणसाचा नंबर द्या मला. तुम्ही फोन उचलला नाहीत तर ज्याला म्हणता येईल, जरा वर जाऊन बघा हो. असा एकच. तो द्या, मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

मिस्त्री छताकडं बघत राहिला.

"पुढच्या महिन्यात दहा तारखेला, गुरुवारी, टेम्पो घेऊन येतो," मुलगा म्हणाला. जाताना त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला, पण ऐकायचं ते ऐकलं नाहीच.

मुलगा वाईट होता असं नाही. त्याच्या घरी हॉलमधला सोफा मिळाला असता, नातवंडं मिळाली असती. पण या घरात आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या बायकोनं लावलेले बावीस डबे होते. प्रत्येकावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. तिखट. साखर. काल आणलेली साखर. मिस्त्री रोज ते डबे पुसायचा आणि जिथल्या तिथं ठेवायचा. सुनेच्या स्वयंपाकघरात बाविसाव्या डब्याला जागा नव्हती हे त्यानं नजरेनं मोजून ठेवलं होतं.

राहता राहिला नंबर. तर टेम्पो यायच्या आठवड्यात, सोमवारी, मिस्त्रीनं समोरच्या दाराची बेल वाजवली.

"काही नको," आतून आवाज आला.

"मी विकायला नाही आलो."

"मग तर नकोच."

मंगळवारी दहाव्या मजल्यावरच्या माणसाला त्यानं जिन्यात गाठलं. त्या गृहस्थानं सर्व्हेवाला समजून घरात माणसं चार, गाडी एक, असं भराभरा सांगितलं आणि पळाला. बुधवारी बिल्डिंगच्या मॅनेजरकडं कुणाचा तरी नंबर मागितला, तर त्यानं तक्रार विभागाचा दिला.

माणसं वाईट होती का? नाही हो. चूक मिस्त्रीची होती आणि ती त्याला पुरती ठाऊक होती. एकोणीस वर्षं तो लिफ्टमध्ये शिरला की मान वर करून दोरांचा आवाज ऐकायचा. कुठं घासतंय, कुठं तेल कमी पडलंय. शेजारी कोण उभं आहे हे त्यानं कधी बघितलंच नाही. बायको कोपरानं ढोसायची, "अहो, नमस्कार करताहेत ते." तोवर ते उतरून गेलेले असायचे.

आणि म्हणून गुरुवारी सकाळी, खिशात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून, मिस्त्री साडेआठला अकराव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरला. बंद लिफ्टमध्ये माणसं बोलतात हे त्याला चौतीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. किती वेळा त्यानं दार उघडलं होतं आणि आतली माणसं सख्ख्या नात्यातली असल्यासारखी हसत बाहेर आली होती.

दोनदा वरखाली फिरला, पण कुणी नाही. तिसऱ्या खेपेला मात्र गिऱ्हाईक लागलं. नवव्या मजल्यावर एक टायवाला चढला, चाळिशीचा, हातात बॅग, चेहरा इस्त्री केलेला. सातव्यावर एक तरुण नर्स चढली, केसांच्या पिना तोंडात धरून. पाचव्यावर काठी टेकत एक मास्तरीणबाई आल्या, रिटायर झालेल्या, पण नजर अजून वर्गावरच. सगळ्यांनी आकड्यांच्या पाटीकडं तोंड केलं.

चार गेला. मिस्त्रीनं अंगाआड स्क्रू ड्रायव्हर धरून फट पाडली. खट्. केबिन उभी.

"काय झालं?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काही नाही, होतं असं," मिस्त्री म्हणाला. "पाच मिनिटांत चालू होईल. मी यातलाच आहे. तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता?"

"पाचव्या. आत्ताच चढले की तुमच्यासमोर."

सुरुवात चांगली झाली नाही खरी. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हर गपकन खिशात टाकला. दार मिटलं. लिफ्ट मात्र जागची हलली नाही. त्यानं तळमजल्याचं बटण दाबलं, पाचव्याचं दाबलं, सगळी दाबली. पाटीवर आकड्याच्या जागी एक लाल अक्षर येऊन बसलं होतं आणि लुकलुकत होतं.

त्याचं असं झालं होतं, की दोन वर्षांपूर्वी या बिल्डिंगची जुनी मशीन काढून नवी बसवली. मिस्त्री तेव्हा रिटायर झाला होता. नव्या मशीनला त्यानं तोंडभर नावं ठेवली आणि ती बघायलाही गेला नाही. जुनी मशीन भोळी होती, मारलं तरी विसरायची. नवीला दार जबरदस्तीनं उघडलेलं आवडत नाही. ती रुसून बसते आणि कंपनीचा माणूस येऊन तिची समजूत काढेपर्यंत हलत नाही.

मिस्त्रीनं घंटेचं बटण दाबलं. भिंतीतून एका बाईचा आवाज आला.

"आपल्या लिफ्टचा नंबर सांगा."

नंबर? मिस्त्रीला झोपेतही पाठ होता. त्यानं घडाघडा सांगितला.

"सर, ही लिफ्ट आमच्याकडं नाही. ती दोन वर्षांपूर्वी मोडीत काढली आहे."

"अहो बाई, मी तिच्यात उभा आहे."

"सर, असं होणार नाही."

"चार माणसं आहोत आम्ही."

"तुमची काही गल्लत होतेय सर. त्या लिफ्टमध्ये कुणी असूच शकत नाही."

शेवटी मास्तरीणबाईंनी काठीनं मिस्त्रीला बाजूला सारलं. त्याच्याच पाठीमागं नव्या नंबराची चकाकती पट्टी होती. त्यांनी ती शाळेतल्या आवाजात वाचून दाखवली. भिंतीतली बाई म्हणाली, माणूस निघालाय, पाऊण तास लागेल.

"पाऊण तास?" टायवाला पहिल्यांदाच बोलला आणि भिंतीला टेकला. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरची इस्त्री पार मोडली. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"खाली बसा," नर्स म्हणाली. तोंडातल्या पिना तिनं खिशात टाकल्या आणि त्याचा टाय सोडवून हातात दिला. "माझ्याकडं बघा. माझ्याबरोबर श्वास घ्या. हळू. अजून हळू."

"मी लिफ्टनं जात नाही," टायवाला म्हणाला. "रोज नऊ मजले जिन्यानं जातो. आज उशीर झाला म्हणून फक्त..."

मिस्त्री धीर द्यायला पुढं झाला. "घाबरू नका. वर पाच दोर असतात. चार तुटले तरी..."

"पाचवा सोडत नाही," टायवाला डोळे मिटून म्हणाला. "माहीत आहे. काकू सांगायच्या."

"पण मी तुम्हाला लिफ्टमध्ये बघितलंय की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "काकूंबरोबर असायचात."

"त्या होत्या तोवर जायचो."

"कोण काकू?" मिस्त्रीनं विचारलं.

"अकराव्या मजल्यावरच्या," नर्स म्हणाली. "तुम्ही नवीन दिसता इथं."

एकोणीस वर्षं कशी सांगायची एका वाक्यात?

टायवाला हळूहळू बोलायला लागला. बोललं की त्याचा श्वास बरा चालत होता म्हणून नर्सही त्याला बोलतं ठेवत होती. एकदा लिफ्टमध्ये त्याला असाच घाम फुटला होता आणि काकूंनी तो बघितला. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आठ चाळीसला त्या लिफ्टमध्ये हजर. म्हणायच्या, ब्रेड आणायला चाललेय. खालपर्यंत सोबत करायच्या. आज काय जेवलात, ऑफिसात साहेब ओरडला का, असलं काहीबाही विचारत राहायच्या. नऊ मजले कधी संपायचे कळायचं नाही.

"दोन वर्षं," टायवाला म्हणाला. "दोन माणसांना रोज किती ब्रेड लागतो?"

मिस्त्रीला तो ब्रेड चांगलाच आठवत होता. डब्यात ब्रेड, फ्रीजमध्ये ब्रेड, खिडकीत पाखरांना ब्रेड. आपण काय बेकरी काढणार आहोत का म्हणून तो तिच्यावर कितीदा खेकसला होता. सकाळचा चहा अर्धा टाकून ती उठायची. "आलेच," म्हणायची, "खाली जाऊन."

"माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाची पहिली चौकशी काकूंनी केली," नर्स म्हणाली. "मोडा म्हणाल्या. मोडलं. वाचले."

"त्यांचे मिस्टर लिफ्टच्याच कामात होते म्हणे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फार कौतुक त्यांना. आमच्या ह्यांच्यासारखा कारागीर नाही शहरात, म्हणायच्या. फक्त माणसांकडं बघत नाहीत, छताकडं बघतात."

नर्स हसली. टायवालासुद्धा हसला. मिस्त्री तेव्हा छताकडंच बघत होता. त्यानं मान खाली घेतली.

"हल्ली दिसत नाहीत पण," नर्स म्हणाली. "मुलाकडं गेल्या असतील."

"माझंच काही चुकलं असेल," टायवाला म्हणाला. "एक दिवस आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी नाहीत. मला वाटलं, कंटाळल्या. माणूस किती दिवस दुसऱ्याची भीती सांभाळणार?"

मग मास्तरीणबाईंनी काठी आपटली. "हे काही बरं नाही. इतकी वर्षं एका छपराखाली राहतो, एकमेकांचे नंबर नाहीत आपल्याकडं. काढा फोन सगळ्यांनी."

बघा, मिस्त्रीचा बेत आपल्या पायानं चालत दारात आला होता. त्यानं घाईघाईनं खिशातून फोन काढला. हा फोन बायकोचा. त्याला स्वतःला कामावर कंपनीचा होता, तो रिटायर होताना परत दिला. ती गेल्यावर तिचा फोन याच्या खिशात आला आणि त्यातला मुलाचा फोटो दाबायचा एवढंच तो शिकला.

टायवाल्यानं त्याचा नंबर सांगितला. मिस्त्रीनं चष्मा लावून एकेक आकडा दाबला. शेवटचा आकडा पडला आणि त्याच्याच फोनवर अक्षरं उमटली. ९ टाय. मिस्त्रीला वाटलं, फोन बिघडला. त्यानं हिरवं बटण दाबलं.

टायवाल्याच्या खिशात रिंग वाजली. त्यानं फोन काढला, बघितला, आणि अख्खा माणूस उजळला.

"काकूंचा फोन!" तो उठून उभाच राहिला. "हॅलो? हॅलो काकू?"

काकू, असा आवाज मिस्त्रीच्या हातातून आला.

टायवाल्यानं पुन्हा हॅलो म्हटलं. पुन्हा तोच आवाज, तीन पावलांवरून. मग त्यानं हळूच फोन कानावरून खाली घेतला.

"हा फोन तिचा आहे," मिस्त्री म्हणाला. "माझी बायको. आठ महिने झाले. नऊ दिवस दवाखान्यात होती. तिथूनच शेवटचं सगळं केलं."

मास्तरीणबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले आणि त्यावर कपाळ टेकलं. नर्सनं तोंडावर हात घेतला.

"आम्हाला कुणीच सांगितलं नाही," टायवाला म्हणाला.

"कुणाला सांगायचं ते मला माहीत नव्हतं."

नर्सनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि आतली यादी उघडली. वाचायला लागली. ५ बाई काठी. ७ नर्स, नको तो मुलगा. १० बारावीची पोर. १२ बासरी, नर्सला सांगून बघू. एकूण सत्तेचाळीस नावं होती. आणि हा बाबा तीन दिवस दारोदार एक नंबर मागत फिरला होता, सत्तेचाळीस नंबर खिशात घालून.

तेवढ्यात खालून ठोकाठोक झाली आणि दार उघडलं. लिफ्ट मजल्याच्या वर लटकलेली, म्हणून एकेकाला हात देऊन उतरवावं लागलं. खाली मॅनेजर होता, कंपनीचा माणूस होता, दोन हमाल घेऊन मुलगा होता. कंपनीच्या माणसाकडं पान्हा नव्हता की पक्कड. नुसता लॅपटॉप. त्यानं वायर जोडली आणि बातम्या द्याव्यात तसं वाचलं.

"आठ वाजून बावन्न मिनिटं. चालत्या लिफ्टचं दार आतून हातानं उघडलं."

"कुणी?" मॅनेजर म्हणाला.

मिस्त्री त्याच वेळी उतरायला वाकला होता. खिशातला स्क्रू ड्रायव्हर निसटला आणि फरशीवर पडला. असा खणखणला की पळून जायची काही सोय उरली नाही.

"का?" मास्तरीणबाईंनी एवढंच विचारलं.

"ओळख व्हावी म्हणून."

टायवाला त्याच्याकडं बघत राहिला. "मुद्दाम? मला वाटलं मी मरतोय." त्यानं बॅग उचलली. "माझा नंबर काढून टाका." टाय हातात लोंबकळत तसाच तो निघून गेला. नर्सनं घड्याळ बघितलं. "काका, आज मला मेमो मिळणार," म्हणाली आणि पळाली. मास्तरीणबाई काठी टेकत गेल्या, मागं न बघता.

"चला बाबा," मुलगा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं झालं असतं.

पण लिफ्टला चौकशीसाठी चार दिवस टाळं लागलं होतं. हमालांनी जिन्यातून वर बघितलं.

"अकरावा मजला? कपाट आहे?"

"दोन आहेत."

"लिफ्ट चालू झाली की बोलवा साहेब." हमाल गेले.

मुलानं बापाला जिन्यानं वर चढवलं, दर मजल्यावर बसवत. सोमवारी परत येतो म्हणून सांगितलं. मग तोही गेला. मिस्त्री दिवसभर डब्यांसमोर बसून राहिला. जिन्यातून चढणारी माणसं कुणाला तरी शिव्या घालत होती आणि ती कुणाला हे त्याला चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात टायवाला.

"भांडायला आलोय," तो म्हणाला.

"या. बसा."

तो बसला, पण भांडला नाही. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिला. 'काल आणलेली साखर' वाचून थांबला.

"आठ महिने मी त्यांच्यावर रागावलो होतो," तो म्हणाला. "नंबर होता माझ्याकडं. फोन नाही केला. काय म्हणून करणार? मला लिफ्टची भीती वाटते, या जरा?"

"केला असतात तर मी उचलला असता."

"हो. तेच."

मग टायवाल्यानं फोन काढला. "नाव बदलू का? अजून काकूच आहे."

मिस्त्रीनं विचार केला. "राहू द्या. तेवढंच तिचं येणं-जाणं राहील."

टायवाला उठला. दारापाशी चपला घालताना म्हणाला, "लिफ्ट सोमवारी सुरू होईल. आठ चाळीसला निघतो मी."

"येतो."

"पण तुम्ही मागं उभं राहायचं. दारापासून लांब."

"बरं."

"आणि दोन्ही हात मला दिसले पाहिजेत."

"बरं."

तो जिन्यानं उतरून गेला. थोड्या वेळानं मुलाचा फोन आला.

"बाबा, सोमवारचा टेम्पो सांगून टाकतोय."

"नको सांगू. नंबर घे लिहून." मिस्त्रीनं आकडे सांगितले. "नवव्या मजल्यावरचा आहे. हाक मारली की दोन मिनिटांत येईल. लिफ्ट बंद असली तरी अडचण नाही, जिन्याचीच सवय आहे त्याला."

मुलगा लिहीत होता. "बरं. नाव काय त्यांचं?"

मिस्त्री दारापर्यंत गेला. जिन्यात वाकून बघितलं. पावलं केव्हाच विरली होती. तो परत आला, चष्मा लावला, फोन डोळ्यांपासून लांब धरला.

"टाय," तो म्हणाला.

"टाय काय? पूर्ण नाव सांगा ना."

"तुझ्या आईनं एवढंच लिहून ठेवलंय."